लेम छबांगच्या धक्क्यावरून बँकॉक: एका दिवसाच्या सहलीचे गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक निवृत्त दांपत्य, वय ६७ आणि ६२, सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझवर जाणार आहे. वाटेत जहाज ‘बँकॉक’ला सकाळी सात ते संध्याकाळी सात थांबणार असल्याचे कार्यक्रमपत्रिकेत लिहिले आहे. दोघे शाकाहारी आहेत आणि काकूंना गुडघ्यांचा थोडा त्रास आहे. या बारा तासांत राजवाडा, दोन-तीन मंदिरे, तरंगता बाजार आणि थोडी खरेदी एवढे सगळे बसेल का, आणि जहाजाची सहल महाग वाटत असल्याने बाहेरून गाडी केली तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी मराठी प्रवाशांचे गट घेऊन आग्नेय आशियात जातो आणि त्यांतील बऱ्याच फेऱ्या क्रूझच्या होत्या. त्या अनुभवावर सांगायचे तर एवढे सगळे बसणार नाही. जे बसेल ते मात्र इतके भरगच्च आहे की बाकीचे राहिल्याची रुखरुख लागू नये. पण त्यासाठी तुमच्या हातात प्रत्यक्षात किती तास आहेत, हे आधी समजून घ्यावे लागेल.

पत्रिकेत ‘बँकॉक’ लिहिलेले असले तरी मोठे क्रूझ जहाज बँकॉकला जात नाही. शहर चाओ फ्राया नदीच्या काठी, समुद्रापासून आत वसलेले आहे. नदीच्या मुखाशी गाळ साचतो, पात्राला वळणे आहेत आणि शहरातील ख्लोंग तोइ बंदरात मर्यादित लांबीची व कमी खोल बुडणारी जहाजेच येऊ शकतात. म्हणून तुमचे जहाज लेम छबांगला लागेल. हे चोनबुरी प्रांतातील कंटेनरचे बंदर आहे, थायलंडमधील सर्वांत मोठे, १९९१ मध्ये सुरू झालेले. जहाजाच्या बाल्कनीतून पडदा सरकवल्यावर सोनेरी कळस दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. क्रेन आणि एकावर एक रचलेले कंटेनर दिसतील. तेथून बँकॉकचा जुना भाग सुमारे १२० ते १३० किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षा थोडा कमी. रस्ता उत्तम आहे, पण शहरात शिरल्यावरचे शेवटचे वीस किलोमीटर आधीच्या शंभर किलोमीटरइतका वेळ खाऊ शकतात.

आता हिशेब मांडू. जहाज सातला धक्क्याला लागले तरी स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी मिळून प्रवासी खाली उतरेपर्यंत पाऊण तास ते एक तास जातो. सव्वाआठला गाडी सुटली तर साडेदहाच्या सुमारास तुम्ही राजवाड्याजवळ असता. संध्याकाळी जहाज सातला सुटणार म्हणजे प्रवाशांनी साडेसहापर्यंत, काही जहाजांवर सहापर्यंतच, परत आलेले असले पाहिजे. परतीच्या रस्त्याला अडीच तास धरून वर तासाभराची उशी ठेवा. ही उशी मी कोणत्याही गटासाठी कमी करत नाही. त्यामुळे तीनच्या आत बँकॉक सोडावे लागते. म्हणजे बारा तासांच्या मुक्कामातून बँकॉक तुमच्या वाट्याला येते ते साडेचार तास, आणि त्यातच जेवण, स्वच्छतागृह, तिकिटाची रांग आणि उन्हात बसकण मारून घेतलेले पाणी हेही आले.

या हिशेबात तरंगता बाजार बसत नाही. ज्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात तो दाम्नोएन सदुआकचा बाजार बँकॉकच्या नैर्ऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तुम्ही आग्नेयेकडून येणार, म्हणजे शहर ओलांडून पलीकडे जावे लागेल. शिवाय तो सकाळचा बाजार आहे. बँकॉकमध्ये मुक्काम असणाऱ्यांसाठी तो ठीक आहे.

वेळेचा दुसरा मुद्दा घड्याळाचा आहे आणि तो मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात हुशार माणसेही फसतात. सिंगापूरची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे, थायलंडची दीड तास पुढे. जहाज सिंगापूरहून निघाले असेल तर जहाजावरची घड्याळे थायलंडमध्ये एक तास मागे घेतली जातात, किंवा कप्तान सगळा प्रवासभर सिंगापूरचीच वेळ ठेवतो; दोन्ही पद्धती आहेत. तुमचा मोबाइल मात्र धक्क्यावर उतरताच स्थानिक नेटवर्क पकडतो आणि आपण होऊन थायलंडची वेळ दाखवू लागतो. माझ्या एका गटात दोघे भाऊ होते, दोघेही बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. ते स्वतंत्र गाडी करून गेले. बँकॉकमध्ये नदीकाठी था तिएनच्या धक्क्यावर नारळाचे आइस्क्रीम खात असताना धाकट्याच्या मोबाइलमध्ये दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती, म्हणून दोघे निवांत होते. थोरल्याच्या मनगटावर जुने किल्लीचे घड्याळ होते, त्यात तीन वाजून चाळीस मिनिटे झाली होती, आणि ‘यात काहीतरी बिघाड झालेला दिसतो’ असे म्हणून त्यांनी ते मोबाइलशी जुळवून टाकले. त्या घड्याळात काहीच बिघाड नव्हता; ते एकटेच जहाजाची वेळ दाखवत होते. ते लेम छबांगच्या धक्क्यावर पोचले तेव्हा शिडीच्या तोंडाशी सुरक्षा कर्मचाऱ्यांखेरीज कोणी उरलेले नव्हते आणि वरच्या डेकवरून आम्ही सगळे कठड्याला टेकून वाट पाहत होतो. म्हणून जहाजातून उतरताना शिडीजवळच्या फलकावर परतण्याची वेळ लिहिलेली असते, तिचे छायाचित्र घ्या आणि ती वेळ जहाजाची आहे की स्थानिक, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारूनच पुढे पाऊल टाका.

आता कोणाबरोबर जायचे ते पाहू. जहाजाची सहल महाग असते हे खरे आहे. बहुधा दोघांच्या तिकिटांच्या रकमेत बाहेर एक स्वतंत्र गाडी दिवसभरासाठी मिळते. पण त्या जादा पैशांत एक गोष्ट विकत मिळते: जहाजाने स्वतः नेलेली बस वाहतुकीत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते, किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरात पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र गाडीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. कोणी मागे राहिलेच तर त्याचे पारपत्र केबिनच्या तिजोरीतून काढून बंदरातील एजंटाकडे ठेवण्याची पद्धत आहे. पुढचा प्रवास, हॉटेल आणि विमानाचे तिकीट स्वखर्चाने. पुढचे बंदर व्हिएतनामचे असेल तर तेथे विमानाने उतरण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो, आणि सिंगापूरलाच परतायचे असेल तर तुमचा सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे घरूनच पाहून ठेवलेले बरे. थायलंडने भारतीयांना पर्यटनासाठी नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसामाफी दिली होती, मात्र हे नियम आणि मुदती बदलत आल्या आहेत. १ मे २०२५ पासून कागदी फॉर्मऐवजी आगमनाचे डिजिटल कार्डही सुरू झाले आहे. क्रूझ प्रवाशांनी काय भरायचे आणि जहाज काय भरते, हे निघण्यापूर्वी पंधरा दिवस कंपनीकडून लेखी मागवून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तुमच्या बाबतीत माझा कौल असा आहे. बसमध्ये चाळीस माणसांच्या मागे चालणे काकूंना जड जाईल आणि जहाजाच्या सहलीतील जेवण हे बहुधा हॉटेलातील बुफे असते, ज्यात शाकाहाराच्या नावाखाली फळे, भात आणि सॅलड एवढेच उरते. त्यामुळे त्याच जहाजावरील आणखी एखादे जोडपे गाठून चौघांनी मिळून व्हॅन आणि परवानाधारक इंग्रजी बोलणारा गाइड आधीच आरक्षित करावा. गाडीवाल्याला जहाजाचे नाव, परतण्याची वेळ आणि ‘तीनच्या आत बँकॉक सोडणार’ हे वाक्य लेखी द्यावे. मात्र तुमचा दिवस शुक्रवार येत असेल, किंवा एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्टीच्या तोंडावर येत असेल, तर मी बिनदिक्कत जहाजाचीच सहल घ्या म्हणेन. बँकॉकचे लोक सुट्टीसाठी पट्टायाकडे निघतात आणि लेम छबांग त्याच रस्त्यावर आहे. आपण शहर सोडतो त्याच वेळी निम्मे शहरही त्याच दिशेने निघालेले असते. धक्क्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांशी त्याच वेळी घासाघीस करून निघणे, हा तिसरा पर्याय तुमच्या वयात मी सुचवणार नाही.

आता साडेचार तासांचे काय करायचे. माझे मत ठाम आहे: राजवाडा नीट पाहावा, एक मंदिर पाहावे, नदीच्या काठी पंधरा मिनिटे उभे राहावे आणि शांतपणे जेवावे. सहा ठिकाणी बसमधून उतरून छायाचित्र काढण्यापेक्षा याने समाधान अधिक मिळते, आणि मराठी माणसाला तर राजवाड्यात इतरांपेक्षा काकणभर जास्तच दिसते. ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो.

१७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. ‘अयुथया’ म्हणजे आपली अयोध्याच. त्यानंतर १७८२ मध्ये चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी वसवली आणि राजवाड्याचे काम सुरू केले. या घराण्यातील राजांना पहिला राम, पाचवा राम असे क्रमाने ओळखले जाते. सध्याचे राजे दहावे राम आहेत. थाई लोक आपल्या राजधानीला बँकॉक म्हणत नाहीत, ‘क्रुंग थेप’ म्हणतात, म्हणजे देवांची नगरी. यातील ‘थेप’ हा आपला ‘देव’ आहे. शहराचे संपूर्ण औपचारिक नाव तर एखाद्या स्तोत्रासारखे लांबलचक आहे. त्यातील शब्दांवरचा थाई उच्चार बाजूला केला की महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, महातिलक, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, राजनिवेशन, महास्थान, अमर, विमान, अवतार, स्थित असे ओळीने ऐकू येऊ लागते. बसमध्ये मी हे नाव गटाला हळूहळू म्हणून दाखवतो आणि दर वेळी मागच्या बाकावरून कोणीतरी पुढचा शब्द आधीच ओळखतो.

राजवाड्याचे आवार सुमारे ५४ एकरांचे आहे आणि परदेशी प्रवाशाला तिकीट ५०० बाट आहे. तिकीट खिडकी सकाळी साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीनला बंद होते. आत शिरल्यावर प्रथम फ्रा केओ मंदिर लागते, ज्याला इंग्रजी पुस्तिकांत पाचूच्या बुद्धाचे मंदिर म्हणतात. मूर्ती प्रत्यक्षात पाचूची नसून हिरव्या पाषाणाची आहे आणि उंचीला अवघी ६६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरच्या मोठ्या गणपतीएवढी. ती इतक्या उंचावर बसवलेली आहे की पहिल्यांदा डोळ्यांना सापडतच नाही. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन ऋतू मानून वर्षातून तीनदा तिचा सोन्याचा पोशाख बदलला जातो आणि हा विधी राजाच्या हातून होतो. देवाला ऋतूप्रमाणे वस्त्रे घालणे म्हणजे काय, हे पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. गाभाऱ्यात छायाचित्रे काढता येत नाहीत, पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि बसताना पाय मूर्तीच्या दिशेने करू नयेत.

बहुतेक गट मूर्ती पाहून पुढच्या अंगणात निघून जातात. तुम्ही तसे करू नका. मंदिराभोवती जी ओवरी आहे, तिच्या भिंतींवर रामकिएन, म्हणजे थाई रामकथा, १७८ चित्रचौकटींत रंगवलेली आहे. वर छप्पर आहे, सावली आहे, टेकायला जागा आहे आणि गर्दी निम्म्याने कमी. कथा उत्तरेकडच्या बाजूने सुरू होते. नांगरताना जनकाला सीता सापडते ते पहिले चित्र, आणि तेथून ती प्रदक्षिणेच्या दिशेने पुढे जाते. नावे थोडी बदललेली आहेत, पण कान लावला की ओळखू येतात: फ्रा राम, फ्रा लक, नांग सीडा, सुग्रीवाचा सुक्रीप, अंगदाचा ओंगखोत, बिभीषणाचा फिफेक. रावणाला थोत्सकान म्हणतात, तो ‘दशकंठ’. हिरव्या अंगाचा आणि अनेक मुखांचा.

आपल्याला धक्का बसतो तो हनुमानापाशी. थाई हनुमान पांढराशुभ्र आहे, पराक्रमी आहे, पण ब्रह्मचारी अजिबात नाही. सेतू बांधताना रावणाची कन्या, सुवन्नमच्छा नावाची मत्स्यकन्या, दगड पळवून नेते; हनुमान तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि प्रेमात पडतो. त्यांच्या मुलाला माकडाचे अंग आणि माशाची शेपटी असते. आपल्याकडच्या मकरध्वजाच्या गोष्टीचे हे दूरचे भावंड आहे. शिवाय या कथेत सीता ही रावण आणि मंदोदरी यांचीच टाकून दिलेली मुलगी आहे. एकदा गटातील एक आजी, रोज मारुतिस्तोत्र म्हणणाऱ्या, हे ऐकून जरा रागावल्या. नंतर ज्या चित्रात हनुमान प्रचंड रूप घेऊन महिरावणापासून रक्षणासाठी रामाचा अख्खा मंडपच तोंडात धरून बसला आहे, त्या चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाकी काही असो, भक्ती तीच आहे.’’ या ओवरीत अर्धा तास घालवा. सोन्याचा वर्ख मुख्यतः मुकुट, कवचे आणि महालांवर आहे हे जवळून पाहिल्यावर कळते, आणि खालच्या कोपऱ्यांत चित्रकारांनी युद्धाकडे ढुंकूनही न पाहता आपापल्या कामात असलेली साधी माणसे रंगवली आहेत, ती शोधत बसण्यात वेळ कसा जातो ते समजत नाही.

पुढच्या अंगणात चक्री महाप्रासाद आहे, पाचव्या रामाच्या काळात १८७६ ते १८८२ या वर्षांत बांधलेला. खाली युरोपीय धाटणीचे मजले आणि वर थाई शिखरे. थाई लोक थट्टेने म्हणतात की फरंगाने थाई मुकुट घातला आहे. फरंग म्हणजे गोरा परदेशी, आपला ‘फिरंगी’ शब्द ज्या घरचा त्याच घरचा. आपल्यासाठी तेथे वेगळा शब्द आहे, ‘खेक’, म्हणजे पाहुणा. बाहेरून महाल पाहून पुढे निघावे. तेथे रेंगाळण्यासारखे फार नाही.

वस्त्रांबाबत राजवाड्याच्या दारावर खरोखर अडवतात. बिनबाह्यांचे कपडे, अर्धी किंवा पाऊण विजार, फाटक्या धाटणीची जीन्स, पारदर्शक किंवा अंगाला घट्ट बसणारे कपडे चालत नाहीत. साडी, सलवार-कमीज उत्तम. ब्लाउज मात्र बाह्यांचा असावा. पुरुषांनी सुती पँट घालावी. दर फेरीत कोणीतरी काका ‘क्रूझवर सुट्टी आहे’ म्हणून बर्म्युडात उतरतात आणि राजवाड्यासमोरच्या दुकानातून हत्तींच्या नक्षीची घोळदार विजार विकत घेतात. तिचे पुढे पुण्यात काय करतात, हे मी कधी विचारलेले नाही.

राजवाड्याच्या भिंतीबाहेर एक सावधगिरी आवश्यक आहे. नीटनेटक्या शर्टातला, ओळखपत्र लटकवलेला कोणी गृहस्थ अदबीने जवळ येईल आणि सांगेल की आज धार्मिक विधीमुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर टुकटुकने एक ‘शुभ बुद्ध’ दाखवून आणतो, फक्त वीस बाटमध्ये. त्या टुकटुकचा शेवटचा थांबा रत्नांचे किंवा शिंप्याचे दुकान असते. ही युक्ती इतकी जुनी आहे की मी स्वतः पहिल्या फेरीत, गट नेण्याच्या आधी, तिला बळी पडलो आणि निळ्या खड्याची अंगठी घेऊन परतलो. ठाण्याच्या सराफाने ती भिंगाखाली धरली आणि काही न बोलता परत दिली. राजवाड्यात शाही विधींसाठी काही भाग खरोखर बंद असतो, पण ते तिकीट खिडकीवरच विचारायचे, रस्त्यावर नाही. अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. तुमच्या गाइडने ‘जाता जाता दहा मिनिटे’ म्हणून दुकान सुचवले तरी ठाम नकार द्या. दहा मिनिटांची पन्नास होतात आणि ती तुमच्या परतीच्या उशीतून जातात.

सव्वाबाराच्या सुमारास राजवाड्यातून निघाल्यावर आधी जेवण करावे. थाई स्वयंपाकात मासळीचा पातळ अर्क, ‘नाम प्ला’, आणि आंबवलेल्या कोळंबीची चटणी, ‘कापी’, या आपल्याकडच्या मिठासारख्या वापरल्या जातात, त्यामुळे भाज्यांची आमटी दिसायला निरामिष असली तरी असेलच असे नाही. ‘नो मीट’ म्हटल्याने मांस निघते, मासळीचा अर्क राहतो. दोन थाई शब्द उपयोगी आहेत. ‘मंगसविरात’ म्हणजे शाकाहारी, शब्दशः ‘मांसविरती’. त्यात अंडे चालते. दुसरा ‘जे’, चिनी बौद्ध पद्धतीचा कडक शाकाहार, ज्यात अंडी, दूध आणि कांदा-लसूणही वर्ज्य. ‘जे’ची दुकाने पिवळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांवरून दुरूनही ओळखू येतात. तरीही मर्यादित वेळेत प्रयोग करू नयेत. राजवाड्यापासून गाडीने जवळच फाहुरात हा भारतीयांचा भाग आहे. कापडाची दुकाने आणि गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट ही त्याची खूण. त्या गल्ल्यांत शाकाहारी भारतीय जेवण सहज मिळते. पोळी-भाजी खाण्यासाठी बँकॉकला आलो का, असे वाटेल. पण पंचेचाळीस मिनिटांत निश्चिंत जेवून उठणे हीच त्या दिवशीची चैन आहे. मँगो-स्टिकी-राइस मात्र चुकवू नका. त्यात आंबा, चिकट भात आणि नारळाचे दूध एवढेच असते. आंबा हापूस नाही हे मान्य करून खाल्ला तर फार आवडतो.

जेवणानंतर वात फो. राजवाड्याच्या दक्षिणेला असलेल्या या मंदिरात पहुडलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच मूर्ती आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या तुकड्यांत १०८ शुभचिन्हे जडवलेली आहेत आणि मागच्या बाजूला ओळीने १०८ कांस्यपात्रे आहेत; त्यांत एकेक नाणे टाकत जाण्याचा आवाज मूर्ती दिसण्याआधीच कानावर पडतो. तिकीट ३०० बाट. येथे पायऱ्या फार नाहीत आणि सावलीचे चौक आहेत, म्हणून काकूंसाठी मी हेच मंदिर निवडले. थाई मर्दनाची नावाजलेली शाळाही याच आवारात आहे. वेळ उरला तर अर्ध्या तासाचे पायांचे मर्दन घ्यावे, पण गुडघ्यांचे दुखणे आधी सांगून.

वात अरुणची, म्हणजे अरुणाच्या नावाच्या मंदिराची, शिडीसारखी उभी चढण टाळा. ते नदीच्या पलीकडे आहे आणि त्याचे खरे रूप अलीकडूनच दिसते. वात फोच्या मागच्या बाजूला था तिएनचा धक्का आहे, तेथे जाऊन उभे राहा. समोर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जडवलेला मनोरा, मध्ये तपकिरी पाण्यातून वाळूच्या तराफ्यांच्या रांगा ओढत नेणारी छोटी बोट, आणि लांब शेपटीच्या होड्यांच्या इंजिनांचा कर्कश आवाज. पलीकडे नेणारी नाव काही बाटमध्ये मिळते, पण घड्याळात अडीच वाजले असतील तर मोह आवरा.

उन्हाबद्दल एक शब्द. मार्च ते मे या काळात बँकॉकचा उकाडा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो आणि राजवाड्याच्या फरशीवरून तो वरही उसळतो. टोपी, छत्री, पाण्याची बाटली आणि मिठा-साखरेची पुडी बरोबर असू द्या. मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस. सर बहुधा दुपारनंतर येते आणि रस्ते तुंबवते, म्हणून त्या महिन्यांत तीनऐवजी अडीचला निघावे. पारपत्राची छायाप्रत, क्रूझ कार्ड, जहाजाच्या एजंटाचा दूरध्वनी क्रमांक आणि थोडे सुटे बाट एका छोट्या पिशवीत गळ्यात ठेवावेत. एजंटाचा क्रमांक जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो.

शेवटी, जो पर्याय सहसा कोणी सुचवत नाही तो सांगतो. काकूंचे गुडघे त्या सकाळी कुरकुरत असतील, तर बँकॉकला जाऊच नका. लेम छबांगपासून पट्टायाचा उत्तर भाग जेमतेम अर्ध्या तासावर आहे आणि तेथे समुद्रकाठी ‘सँक्च्युअरी ऑफ ट्रूथ’ नावाची संपूर्ण लाकडी वास्तू उभी आहे. तिचे काम १९८१ मध्ये सुरू झाले आणि अजून चालू आहे. हातोडी-पटाशीचा आवाज ऐकत आपण आत फिरतो आणि डोक्यावर हेल्मेट घालायला देतात. ब्रह्मा, विष्णू, शिव, गणपती आणि बुद्ध एकाच छपराखाली कोरलेले आहेत. बाहेरच्या चौथऱ्यावर कारागीर बसलेले असतात. जुना, खारट वाऱ्याने फुटलेला हात काढून त्या जागी नवा हात बसवण्याचे काम चाललेले दिसते, नव्या लाकडाचा रंग जुन्याहून उजळ असतो आणि एकाच मूर्तीत दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. दीड-दोन तासांत हे पाहून, एक शहाळे पिऊन, दुपारच्या जेवणाला तुम्ही जहाजावर परत येऊ शकता. माझ्या स्वतःच्या आईला मी बँकॉकऐवजी तेथेच नेले होते.